२६ जानेवारीला गावात लढाईचा कोणता पिक्चर लावावा, अन् काहून

आमचं गाव दारव्ह्याकडं, यवतमाळ जिल्ह्यात, कापूस-तुरीचं गाव. गेली नऊ वर्षं २६ जानेवारीच्या रात्री आम्ही झेडपी शाळेच्या मैदानात पडदा बांधून पिक्चर दाखवतो. कोणता दाखवायचा हे ठरवायचं काम मायाकडं आहे, म्हणून डिसेंबर लागला की रोज रात्री जेवण झालं की मी मोबाइलवर नाही तर भाच्याच्या लॅपटॉपवर लढाईचे पिक्चर पाहत बसतो, काही दोनदा पाहतो, काही अर्ध्यात बंद करतो. बरेच जण विचारतात की भाऊ आमच्याही गावात लावायचा आहे, कोणता लावू, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

पिक्चर चांगला का वाईट हे मी कसं ओळखतो ते आधी सांगतो. जानेवारीत हरभऱ्याला अन् गव्हाला पाणी चालू असते, अन् त्या आठवड्यात आपल्या फीडरची रातची पाळी असली तर थ्री फेज लाईन रात्रीच येते, मंग चालू पिक्चरमधून माणसं एकेक करून उठतात, मफलर गुंडाळतात, टॉर्च घेतात अन् मोटर चालू करायला वावरात जातात. कोण कधी उठलं हे मला प्रोजेक्टरच्या मागून बरोबर दिसते. दुसरी गोष्ट खर्रा, म्हणजे आमच्याकडची सुपारी-तंबाखू. पन्नीत खर्रा घोटायचा तो चरचर आवाज दोनशे माणसांच्या मैदानात सतत चालू असतो, अन् ज्या जागेवर तो आवाज एकदम बंद पडते ती जागा त्या पिक्चरची खरी जागा. नऊ वर्षांत माझं एकच मत पक्कं झालं. लढाईच्या पिक्चरमध्ये गोळी लागायच्या आधी तो माणूस आपल्या ओळखीचा झाला पाहिजे, त्याचं घर, त्याची माय, त्याच्या घरचं कोण आजारी आहे हे सगळं माहीत झालं पाहिजे, नाही तर पडद्यावर शंभर माणसं पडू द्या, खर्रा घोटणं चालूच राहते.

सुरुवात बॉर्डरपासूनच करा लागते. जे. पी. दत्ताचा, १९९७ चा. पहिल्या वर्षी हाच लावला होता अन् नंतर लोकांच्या मागणीवरून अजून एकदा लावला. लोंगेवालाची लढाई, १९७१, ४ डिसेंबरची रात्र ते ५ डिसेंबरची सकाळ, राजस्थानच्या वाळवंटात २३ पंजाब पलटणीची एक कंपनी, शंभर-सव्वाशे माणसं, अन् समोरून पाकिस्तानचे टँक येऊन रायले. विमानं जैसलमेरला उभी होती पण ती हंटर विमानं रात्री लढू शकत नव्हती, म्हणून उजाडेपर्यंत खाली असलेल्या माणसांनीच धरून ठेवायचं होतं. सगळा पिक्चर याच एका गोष्टीवर उभा आहे, की उजाडलं पाहिजे. रातभर वावरात डुकरांच्या राखणीला जागलेल्या माणसाला उजाडायची वाट पाहणं काय असते हे समजावून सांगा लागत नाही, पडद्यावर जॅकी श्रॉफची विमानं सकाळी उडाली तेव्हा आमच्या मैदानात माणसं उभी राहिली होती.

पण बॉर्डरमध्ये मला सर्वात आवडते तो सनी देओलचा आरडाओरडा नाही, मथुरादास आवडते. सुदेश बेरीनं केलेला. त्याची बायको आजारी आहे, कॅन्सर, अन् सुट्टी मंजूर झाल्यावर तो सगळ्यांसमोर आनंदानं नाचते, बाकीचे तिथंच अडकलेले अन् हा नाचून रायला, म्हणून मेजर त्याला सुनावते. तो निघतेही. अन् मंग रस्त्यातून परत येते, त्याच रात्री लढायला. आमच्या गावातला एक फौजी त्या वर्षी दोन महिन्याच्या सुट्टीवर आला होता, मायाच बाजूला बसला होता, तो म्हणे, "भाऊ, सुट्टीचा कागद हातात आला ना, का त्या रात्री झोपच येत नाही, हे यायनं बराबर दाखवलं." संदेसे आते हैं हे गाणं दहा मिनिटांच्या आसपास आहे, एवढं लांब गाणं दुसऱ्या कोणत्या पिक्चरमध्ये असतं तर लोक पाणी प्यायला उठले असते, इथं कोणी उठत नाही कारण त्या गाण्यातच एकेकाचं घर आपल्याला दिसून जाते अन् पुढच्या दीड तासात तेच घर उजाड होणार हे पोटात कुठंतरी कळून गेलेलं असते.

एक गोष्ट मात्र पोरांना सांगत जा. पिक्चरमध्ये सुनील शेट्टीनं जो बीएसएफचा भैरोसिंग केला तो शहीद होते असं दाखवलं, पण खरे भैरोसिंग राठोड त्या लढाईत वाचले होते, त्यांना सेना मेडल भेटलं अन् ते २०२२ च्या डिसेंबरमध्ये वारले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांना महावीर चक्र भेटलं, ते २०१८ मध्ये गेले. जित्या माणसाला पडद्यावर मारणं मला पटत नाही, अन् मी दोन्ही वेळा पिक्चर संपल्यावर माईकवर हे सांगितलं, तेव्हा लोकांनी जेवढ्या टाळ्या वाजवल्या तेवढ्या सनी देओलला नव्हत्या वाजवल्या. शेवटी हरिहरनच्या आवाजात मेरे दुश्मन मेरे भाई येते, तेव्हा प्रोजेक्टर बंद करू नका, बरेच जण लढाई संपली की पिक्चर संपला समजून चटया गुंडाळतात अन् त्या गाण्यात जे दाखवलं ते पाहायचं राहून जाते.

उरी, २०१९ चा, पोट्ट्यांचा आवडता, त्यात शंकाच नाही. विकी कौशलनं काम जोरदार केलं, आवाज कडक आहे, अन् "हाऊज द जोश" तर आमच्याकडं कबड्डीच्या मैदानावरही ऐकू येते. सव्वादोन तास कुठं गेले समजत नाही. पण त्यात सगळं ठरल्यासारखं होत जाते, भीती वाटत नाही, अन् भीती नसली तर हिंमत कशाची मोजायची? पोरं खूश करायची असतील तर लावा. शेरशाह, २०२१ चा, त्यापेक्षा जवळचा वाटला, कारगिलचे कॅप्टन विक्रम बत्रा, १३ जॅक रायफल्स पलटण, आधी पॉइंट ५१४० हे शिखर अन् मंग पॉइंट ४८७५, जिथं ७ जुलै १९९९ ला ते गेले. वर चढाई चालू असताना सिद्धार्थ मल्होत्राचं काम मनापासून आहे, पहिल्या भागातली गाणी थोडी कापली असती तर अजून चांगला झाला असता. बायकांना हा आवडला, दोन-तीन जणी रडल्या.

आता लक्ष्य. हा २००४ चा, फरहान अख्तरचा, थेटरात तेव्हा फार चालला नव्हता, पण माया हिशोबानं कारगिलवर बनलेल्या पिक्चरमध्ये हाच वर आहे. कारण यात लढाई उशिरा येते. आधी दीड तास एक पोरगा आहे ज्याला काय करायचं तेच माहीत नाही, मित्र अर्ज करते म्हणून हा अर्ज करते, आयएमएत, म्हणजे फौजेचे अफसर घडवायच्या अकादमीत जाते अन् तिथून पळून येते. आमच्या गावात भरतीची तयारी करणारे सतरा-अठरा पोट्टे आहेत, पहाटे पाचला दारव्हा रोडवर १६०० मीटर पळतात, थंडीत तोंडातून वाफ निघते अन् मागून एक जण मोबाइलवर टाइम लावून मोटारसायकलवर येते. हे पोट्टे त्या रात्री सगळ्यात पुढं बूट घालूनच बसले होते. हृतिक रोशन अकादमीतून पळून घरी येते तेव्हा मला वाटलं हे हसतील, त्याची टिंगल करतील, पण एकही हसला नाही, कारण त्यातले चार जण एकदा भरतीत बाहेर पडलेले होते, अन् घरी परत येतानाचा तो रस्ता त्यांना माहीत होता.

कडा चढायला जायच्या आधी तो बापाला फोन करते तो सीन कोणीच चुकवू नका. बोमन इराणी बाप आहे. बापाचं अन् पोराचं कधी जमलंच नाही, अन् आता बोलायला मिनिटं थोडी आहेत, अन् दोघांनाही बोलता येत नाही. आपल्याकडं बाप पोराशी किती बोलते? "जेवला का", "पैसे लागतात का", झालं. त्या सीनला मैदानात खर्ऱ्याचा आवाज बंद झाला होता, अन् मंग रात्रीची ती सरळसोट कड्यावरची चढाई सुरू झाली तेव्हा तर श्वास घ्यायचाही आवाज नव्हता. अमिताभ यात कर्नल दामले आहेत, मराठी माणूस, आवाज न चढवता बोलणारा साहेब, अन् ओम पुरीनं सुभेदार मेजर केला, तो तर मला आमच्या फौजी भाऊचा वस्तादच वाटला.

हकीकतबद्दल लिहायचं म्हणजे हात थोडा थांबते. चेतन आनंदचा, १९६४ चा, काळापांढरा, जवळपास तीन तासांचा. हा लावायचा म्हटलं तेव्हा मंडळाच्या मीटिंगमध्ये सगळे माया अंगावर आले, म्हणे काळापांढरा कोण पाहणार, लोक उठून जातील, पुढच्या वर्षी वर्गणी कोण देईल. मी अडून बसलो. म्हणलं कर चले हम फिदा हे गाणं आपण सगळे लहानपणापासून ऐकून रायलो, १५ ऑगस्टला शाळेच्या भोंग्यावर सकाळी सातपासून वाजते, पण ते गाणं पिक्चरमध्ये कुठं येते हे या गावात किती जणांनी पाहिलं? कोणीच नाही. लावला.

पिक्चर १९६२ च्या चीनसोबतच्या लढाईवर आहे, लडाखमधल्या. जिंकलेल्या लढाईचा पिक्चर काढणं सोपं असते, हा हरलेल्या लढाईचा आहे, अन् लढाई होऊन दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा काढलेला. ठाण्यावर थोडीशी माणसं, समोरचे कितीतरी जास्त, गोळ्या मोजक्या, अन् मागं हटायचा हुकूम. तिथलाच बर्फ, तिथलेच उघडे डोंगर. बलराज साहनी मेजर आहेत, त्यांच्या चेहऱ्याकडं पाहा, हुकूम अन् आपली माणसं या दोन्हींच्या मधात सापडलेल्या माणसाचा चेहरा कसा होते ते त्यात आहे. धर्मेंद्र तेव्हा एकदम तरुण. एका जागी थकलेले सैनिक बसले आहेत अन् होके मजबूर हे गाणं चालू होते, रफी, तलत मेहमूद, मन्ना डे अन् भूपिंदर असे चार आवाज, अन् त्यातला भूपिंदर तर स्वतः पडद्यावरही आहे. लिहिलं कैफी आझमींनी, चाल मदनमोहनची. एकेक जण आपापल्या घरचं मनात आणते, घरी बायको काय करत असेल, तिला आपली खबर कोणी दिली असेल. कोणी कोणाकडं पाहत नाही. संदेसे आते हैंच्या तेहतीस वर्षं आधी हे झालेलं आहे हे पाहिलं की समजते की आपल्या लढाईच्या पिक्चरचं मूळ कुठं आहे.

त्या रात्री साडेदहाला थ्री फेज आली. मला माहीत होतं की आता माणसं उठणार, उठलीही, दहा-बारा जण गेले. पण मैदानाच्या कडेला, तारेच्या कुंपणाला लागून एक म्हातारे बावाजी उभे होते, त्यांचं हरभऱ्याचं शेवटचं पाणी राहिलं होतं हे मला पक्कं माहीत होतं, हातात टॉर्च चालू, उजेड पायापाशी पडलेला, अन् ते तसेच उभे. मी जवळ जाऊन म्हणलं, बावाजी, लाईन आली. ते म्हणे, "आलीन माहीत हाय. हे होऊ दे." अन् शेवटी जेव्हा बर्फात पडलेली माणसं दिसली अन् त्यांच्यावर रफीचा तो आवाज आला, जो आवाज त्यांनी साठ वर्षं भोंग्यावर ऐकला होता, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. गाणं सरलं, टोपी घातली अन् अंधारात वावराकडं निघून गेले. हे गाणं मेलेल्या माणसांचं आहे हे आमच्या गावाला त्या रात्री समजलं, तेव्हापासून शाळेत ते वाजलं की मी काही करत असलो तरी उभा राहतो. पुढच्या वर्षी वर्गणी कमी झाली नाही.

गाझी अटॅक लावायचा असेल तर आधी स्पीकरचं पाहा, मंग पिक्चरचं. २०१७ चा, संकल्प रेड्डीचा, पाणबुडीतला, अन् सगळं काम आवाजावर आहे. पाण्याखाली दिसत काहीच नाही, फक्त ऐकायचं असते, कुठून तरी टिंग असा आवाज येते अन् सगळ्यांचे चेहरे फिरतात. आम्ही लग्नात वाजवणाऱ्या डीजेचे डब्बे आणले होते, त्यात सगळी धडधडच ऐकू आली, बारीक आवाज गेले, निम्मा पिक्चर वाया गेला. मीच घरी नंतर हेडफोन लावून पाहिला तेव्हा समजलं की काय हुकलं. १९७१ च्या डिसेंबरमध्ये पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली ही गोष्ट खरी, बाकी आतली कथा पिक्चरवाल्यांनी रचलेली आहे. के के मेनन चिडका कॅप्टन, अन् आपले अतुल कुलकर्णी त्याच्या अन् राणा दग्गुबातीच्या मधात उभे, शांत डोक्याचा माणूस, मला तर पूर्ण पिक्चरमध्ये तेच आवडले.

ज्याचं नाव सांगितलं की लोक म्हणतात हा कोणता बा, तो पिक्चर म्हणजे १९७१. नावच तेवढं आहे, आकडा. २००७ मध्ये आला, अमृत सागरचा, थेटरात कधी आला कधी गेला कोणाला समजलं नाही, राष्ट्रीय पुरस्कारात हिंदीतला उत्तम चित्रपट ठरला तरी लोकांपर्यंत पोचला नाही, मंग लॉकडाऊनमध्ये २०२० ला यूट्यूबवर फुकट टाकला तेव्हा लोकांनी पाहिला, मीही तेव्हाच पाहिला, कापूस घरात पडलेला, बाहेर निघायची बंदी, अन् रात्री दोन वाजता मी ओसरीत एकटा. युद्ध संपून वर्षं झाली, आपण पाकिस्तानचे ९३,००० कैदी सोडून दिले, अन् आपले काही जण तिकडंच राहिले, सरकारी यादीत ५४ नावं आहेत ज्यांचा पत्ता लागलाच नाही. त्यातल्या सहा जणांची ही गोष्ट आहे, कल्पनेतली, पळून येण्याची. मनोज बाजपेयी, रवी किशन, कुमुद मिश्रा, दीपक डोबरियाल, मानव कौल, सगळे आताचे मोठे नट, त्यातल्या बऱ्याच जणांना तेव्हा फार कोणी ओळखत नव्हतं. यात लढाई जवळपास नाहीच, फक्त चालणं आहे, बर्फातून घराकडं, अन् सीमा समोर दिसते पण पोचता येत नाही. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की लॅपटॉप बंद केल्यावर मी अंगणात जाऊन बराच वेळ उभा होतो.

बाहेरच्या पिक्चरकडं मी उशिरा वळलो, इंग्रजी पटपट समजत नाही म्हणून. पण १९१७ हा पिक्चर पाहायला इंग्रजी लागतच नाही म्हटलं तरी चालते. सॅम मेंडिसचा, २०१९ चा, पहिल्या महायुद्धावरचा. दोन पोरं, एक चिठ्ठी, ती पुढच्या पलटणीला सकाळच्या आत पोचवायची नाही तर १,६०० माणसं सापळ्यात जाऊन मरतील. कॅमेरा त्यांच्या मागं-मागंच चालते, कुठं कापल्यासारखं दिसतच नाही, त्यामुळं आपणही त्या चिखलातून चालतो, आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाललेल्या माणसाला तो चिखल पायाला लागल्यासारखा वाटते. पण मी याला जीव लावला तो एका बगीच्यासाठी. रस्त्यात एक चेरीची बाग येते, फुलांवर आलेली, अन् जाताजाता शत्रूनं सगळी झाडं बुडातून कापून टाकली आहेत. त्यातला एक पोरगा चालता-चालता चेरीच्या जातींची नावं सांगते, त्याच्या घरी झाडं आहेत म्हणून त्याला ओळखता येतात, अन् म्हणते की बिया पडतील, पुन्हा झाडं येतील, आधीपेक्षा जास्त. पुढं एका ओसाड गोठ्यापाशी एक गाय उभी असते अन् दुधाची बादली भरलेली. धार काढणारा माणूस कुठं गेला कोणाला माहीत. ते दूध दुसरा पोरगा आपल्या पाण्याच्या बाटलीत भरून घेते, अन् ते दूध पुढं कोणाच्या पोटात जाते हे पाहून मायासारख्या गाईढोरांत वाढलेल्या माणसाचा गळा भरून येते. शेतकऱ्यानं काढलेला पिक्चर वाटते हा.

२०२२ चा जर्मन ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट रात्री एकट्यानं पाहू नका. पहिली दहा मिनिटं एवढी सांगतो की एक पोरगा मरते, मंग त्याचा गणवेश काढतात, धुतात, बायका शिलाई मशीनवर बसून गोळीची छिद्रं शिवतात, अन् तोच गणवेश दुसऱ्या नव्या पोराला देतात, तो हसत-हसत अंगात घालते अन् आत दुसऱ्याच नावाची पट्टी पाहून म्हणते साहेब हा दुसऱ्याचा दिसते. साहेब पट्टी फाडून टाकते. एवढं पाहिलं की पुढचे दोन तास काय होणार ते समजून जाते. लहान पोरांना अजिबात दाखवायचा नाही, खूप कापाकापी आहे. डंकर्कही पाहिला, नोलनचा, आवाज अन् समुद्र जबरदस्त, पण त्यात एकही माणूस ओळखीचा होत नाही, मला तो लागला नाही. अन् जपानचा ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज, १९८८ चा, कार्टून आहे म्हणून पोरीला घेऊन बसलो होतो. त्यात सैनिक नाही, बंदूक नाही, वरून पडणारा जाळ आहे अन् खाली एक भाऊ अन् त्याची लहान बहीण, अन् खायच्या गोड गोळ्यांचा एक पत्र्याचा डब्बा. डब्ब्यातल्या गोळ्या सरतात तेव्हा ते त्यात पाणी टाकून हलवून पितात. पोरीनं अर्ध्यात माया हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. हा लढाईचा पिक्चर आहे का, असं कोणी विचारलं तर मी म्हणतो याच्याइतका दुसरा कोणताच नाही.

लावणाऱ्यांसाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. पडदा वाऱ्याच्या उलट्या बाजूनं बांधा अन् खालून विटा ठेवा, नाही तर टँक हलत राहतात. नऊच्या आधी चालू करू नका, बायकांचं घरचं आवरत नाही अन् मंग त्या मागं उभ्या राहून पाहतात. इन्व्हर्टर लागतेच, पिक्चरच्या ऐन शेवटी लाईन गेली तर लोक तुम्हालाच बोलतात. एका वर्षी भाड्यानं आणलेल्या प्रोजेक्टरचा बल्ब इतका मंद निघाला की रात्रीची चढाई कोणाला दिसलीच नाही, म्हणून आता रात्रीचे सीन जास्त असलेला पिक्चर असला की मी आदल्या दिवशी भिंतीवर मारून पाहतो. अन् शेकोटी मागं पेटवा, पुढं नाही.

आता शेवटचा, अन् माया सर्वात जवळचा. सेव्हिंग प्रायव्हेट रायन, स्पीलबर्गचा, १९९८ चा. सगळे याच्या सुरुवातीच्या लढाईबद्दल बोलतात, ६ जून १९४४, समुद्रातून किनाऱ्यावर उतरणारी माणसं, वीस-पंचवीस मिनिटं डोळे उघडे ठेवणं अवघड जाते. ते सगळं बरोबरच आहे. पण मी गावात हा लावला तो त्याच्या नंतरच्या दोन मिनिटांसाठी. एका घरचे चार भाऊ फौजेत, तीन मेले, अन् ही खबर घेऊन एक काळी मोटार त्यांच्या घराकडं निघाली आहे. दूरदूरपर्यंत वावर, मधून कच्चा रस्ता, मोटारीमागं धुराळा. माय स्वयंपाकघरात भांडे धुऊन रायली. खिडकीतून तिला मोटार दिसते. हात पुसत ती बाहेर ओट्यावर येते, मोटारीतून साहेब उतरते, अन् मागून अजून एक जण उतरते, तो पाद्री. त्याला पाहिलं अन् तिचे पाय गेले, तिथंच ओट्यावर बसली. तिचा चेहरा आपल्याला नीट दिसतच नाही, पाठमोरी आहे ती. कोणी एक शब्द बोलत नाही.

मंग वरून हुकूम येते की चौथा पोरगा शोधून मायकडं पाठवा, अन् आठ जण त्या एकाला शोधायला निघतात. त्यातला एक जण बापाला चिठ्ठी लिहून ठेवते, तो मरते, चिठ्ठीवर रक्त लागलेलं म्हणून दुसरा रात्री बसून ती पुन्हा स्वच्छ कागदावर लिहून काढते. मंग तोही मरते, अन् चिठ्ठी तिसऱ्याच्या खिशात जाते. आठ जणांनी एकासाठी मरावं का, हा प्रश्न ते स्वतःच एकमेकांना विचारत राहतात, शिव्या देत विचारतात, अन् कॅप्टन टॉम हँक्स त्यांना सरळ उत्तर देत नाही, त्याचा एक हात मात्र थरथरत राहते.

पिक्चर इंग्रजीतच होता, मी माईक घेऊन बसलो अन् जिथं लागेल तिथं आपल्या बोलीत सांगत गेलो, ह्यो कोण हाय, कुठं चालला, काय म्हणून रायला. मायचा सीन आला तेव्हा मी माईक खाली ठेवून दिला. लागलाच नाही. दोनशे माणसांत एकही पन्नी वाजली नाही, फक्त प्रोजेक्टरचा पंखा.

पुढच्याच रांगेत एक काकू बसल्या होत्या, त्यांचा पोरगा दोन वर्षांपूर्वी अग्निवीर झाला, तिकडं जम्मूकडं आहे. बाराच्या पुढं पिक्चर संपला, लोक चटया झटकून निघाले, मी वायर गुंडाळत होतो. त्या येऊन उभ्या राहिल्या, शाल तोंडापर्यंत ओढलेली, म्हणे, "बापू, माह्या डोयाले आखरीले काही दिसलं नाही. तो चवथा घरी पोचला ना?"

म्हणलं पोचला काकू. म्हातारा झाला, बायको हाय, नातवंडं हायेत, शेवटी तोच तर उभा होता समाधीपाशी.

"मंग ठीक," म्हणे, अन् चटई काखेत मारून घराकडं गेल्या.